नाव पुकारले जाईल

९ नोव्हेंबर, रविवार

आज खोपोलीला कारखान्यातला ट्रकचा वजनकाटा तपासला. रविवारी काम ठेवलं, कारण रविवारी गाड्या कमी. वीस किलोचा फरक होता, साडेबारापर्यंत नियमात आणला. त्यांच्या इंजिनियरला दोन दिवस कारण सापडत नव्हतं. मी फक्त विचारलं, खालचा खड्डा शेवटचा कधी साफ केला होता? त्यानं लगेच फावडं मागवलं.

रोहिणी बाळंतपणाला माहेरी आल्यापासून रोज नवे डोहाळे. चिंचा झाल्या, आवळे झाले, आता चीझ बर्गर. शिळफाट्याजवळ बर्गरवाल्यांचं नवं दुकान झालंय. मोबाइलवरून मागवायचं आणि जाऊन उचलायचं. रोहिणी म्हणाली होती, "बाबा, मी करून देते ऑर्डर." म्हटलं, नववी पास माणूस पन्नास टनांचा काटा खोलून परत बसवतो, त्याला बर्गर मागवता येणार नाही? कारखान्याच्या गेटवरून मी स्वतः ऑर्डर दिली. एकदाही चुकलो नाही.

एक वाजून चार मिनिटांनी दुकानात पोचलो. काउंटरवर पाटी: 'ऑर्डर तयार झाल्यावर आपले नाव पुकारले जाईल.' अक्षर ठळक, मराठी शुद्ध. पाटी मला आवडली. खांबाजवळच्या टेबलावर बसलो, तिथून काउंटर सरळ दिसतो.

काउंटरवर एकच मुलगी. बावीस-तेवीसची, डोक्याला टोपी, छातीवर 'संजना' अशी पट्टी. माइकवरून नावं घेत होती. श्रिया, अमोल, फर्नांडिस. आवाज खणखणीत. एक पंधराला मात्र ती म्हणाली, "एक चीझ बर्गर, एक मोठी चिप्स, एक चॉकलेट शेक. पार्सल हाय. कुणाचं हाय हे?"

माझी ऑर्डर तीच होती. पण त्याच तीन वस्तू आणखी कुणी मागवल्या नसतील कशावरून? शिवाय पाटीवर स्पष्ट लिहिलंय. माझं नाव दशरथ आहे, 'कुणाचं हाय हे' नाही. बसून राहिलो.

एक बावीसला पुन्हा तेच. एक एकतीसला ती पिशवी घेऊन बाहेर आली, टेबलाटेबलाशी विचारत माझ्यापर्यंत पोचली.

"काका, तुमचं का ओ?"

"पाटी वाच," मी म्हटलं.

"नाव काय तुमचं?"

"ते तुझ्या हातातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. पुकार."

तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घेऊन परत गेली. 

एक अडतीसला मीच उठलो. "दशरथ ठोंबरे. तीन वेळा चिठ्ठी हातात घेऊन नाव वाचता आलं नाही? शाळेत गेली होतीस ना?"

खाली मान.

"मिठाची गुळणी धरलीस का तोंडात?"

 पिशवी दोन्ही हातांनी पुढे केली. दोन्ही हातांनी दिली, एवढं मात्र खरं. असेल ते नोंदवावं.

घरी येईस्तोवर चीझची मेणबत्ती झाली होती. रोहिणीनं सगळं खाल्लं. "मस्त आहे, बाबा." चौतीस मिनिटांचा उशीर आणि मस्त!

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कंपनीच्या साइटवर तक्रार टाकली. चौदा मुद्दे, प्रत्येकाला वेळ. चिप्स काल तोलायच्या राहिल्या ही माझी चूक, नाहीतर पंधरावा मुद्दा झाला असता.

पाठवण्याआधी द्वारकाला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. पाचव्या मुद्द्याला तिनं हात थांबवला. ('पाटीवर लिहूनही ग्राहकाचे नाव एकदाही पुकारले नाही.')

"बाकीच्यांची नावं घेतली तिनं?"

"सगळ्यांची. फर्नांडिससुद्धा नीट म्हणाली."

"लग्न झालेली होती का हो ती?"

"गळ्यात मंगळसूत्र होतं. तक्रारीशी काय संबंध?"

"काही नाही," म्हणाली आणि गालात हसली. बायकांना मंगळसूत्र आधी दिसतं, मुद्दा मागून.

ती मुलगी टेबलाशी येऊन विचारून गेली, ते मी लिहिलं नाही. मुद्द्याला सोडून होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीचं उत्तर आलं. 'आपल्यासारख्या चोखंदळ ग्राहकांमुळेच आम्ही सुधारतो.' सोबत एक बर्गर मोफत. चौकशी होईल असंही आहे. चोखंदळ हा शब्द बरोबर वापरलाय. पत्र दोनदा वाचलं.

रोहिणीचे पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात, चालतं एवढं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी फोन आला. अनुपम म्हणून त्यांचे एरिया मॅनेजर. आवाजावरून तिशीच्या आतले. दोघींना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

"सर, इतकी मुद्देसूद तक्रार मी आजवर पाहिली नाही."

"सवय आहे."

"त्या मुलीवर आम्ही ॲक्शन घेतोय. तीन महिन्यांच्या ट्रायलवर आहे, वीस तारखेला संपते. कायम करणार होतो, आता नाही करत. नाव का घेतलं नाहीस विचारलं, तर तोंडच उघडत नाही."

"शिस्त पाहिजे," मी म्हटलं.

फोन ठेवला तर द्वारका गॅस बंद करून समोर उभी. "झालं समाधान?"

"म्हणजे?"

"अहो, तिच्या सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं नाव तेच असणार, तुमचं. कशी घेईल ती?"

मी म्हटलं, हे असलं देवळात, हळदीकुंकवात ठीक आहे. बर्गरच्या दुकानात?

"बँकेत बाईनं मला नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा काय केलं मी? पासबुकावर बोट ठेवलं. बँक म्हणजे काय देऊळ आहे?"

रोहिणी आतून म्हणाली, "आणि गिरणीत आई काय सांगते, ठाऊक आहे का बाबा? 'काटेवाल्यांचा डबा.'"

दोघी हसायला लागल्या. द्वारका मला 'अहो' म्हणते हे मला माहीत नाही असं नाही. पण ही घरातली रीत. ती माइकपर्यंत पोचेल हे कुणाच्या डोक्यात येणार? पाटी लिहिणाऱ्यानं हा विचार करायला हवा होता.

दुपारी जेवण कमी गेलं. भाजीत तिखट जास्त होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात पाना विसरला होता तो आणायला खोपोलीला गेलो. पुढे शिळफाटा आहेच.

संजना टेबलं पुसत होती. मला पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला. "सर आत नायत."

"तुझ्याशीच काम आहे. तुझ्या घरी दशरथ कोण?"

तिनं दोन्हीकडे पाहिलं. "सासरा," म्हणाली. मग हळूच, "नाव तुमी घेतलंत, मी नाय."

ती कशेळ्याच्या वरच्या वाडीवरची. रोज चालत कशेळ्याला, तिथून जीपनं कर्जत, मग खोपोली. दुकानात आधी नंबर पुकारत. दिवाळीपासून कंपनीनं नावं आणली. गिऱ्हाइकाला आपलेपणा वाटतो म्हणे. ह्या नावाचं गिऱ्हाईक आलं की तिच्या जोडीची बुधी पुकारायची. त्या रविवारी बुधीला सुट्टी होती.

"मॅनेजरला सांगायचं मग."

"काय सांगू? हसतील. म्हनतील, वाडीवरची अडाणी हाय."

"अगं, मग घेऊन टाकायचं एकदा. सासरा काय इथं बसलाय ऐकायला?"

तिनं फडकं खाली ठेवलं. "काका, त्यानंच मला हितं लावलं. सासू नको म्हनत व्हती, नवरा गप व्हता. रोज सकाळी माझ्यासंगं चालत जीपपर्यंत येतो तो. त्याचं नाव मी माइकात वरडू?"

मी खुर्ची ओढून बसलो.

मग तिनं सांगितलं ते लिहून ठेवतो. वाडीवरची घरं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यापर्यंत. यंदा ह्यांच्या घरानं मुकादमाला नाही म्हणून सांगितलंय, हिची नोकरी आहे म्हणून. तीन वर्षांची पोरगी अंगणवाडीत जायला लागलीय. "हितलं गेलं तर जायलाच लागंल. चोवीस तारखेला ट्रक येतो, कशेळ्याच्या नाक्यावं."

मी निघालो तर ती मागून म्हणाली, "काका, राग नका मानू. तवा तुमाला ऐकू येत व्हतं ना? मी टेबलाशी आले तवा तुमी पिशवीकडंच बघत व्हता."

पाना आणायला उशीर होत होता म्हणून थांबलो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तक्रार मागे घ्यायला बसलो. साइट म्हणते, 'ही तक्रार समाधानकारकरीत्या बंद झाली आहे.' कुणाचं समाधान? अनुपमला फोन लावला.

"तक्रार मागे घ्यायचीय."

"का सर? काही खोटं होतं का त्यात?"

"खोटं माझ्या हातून जात नाही."

"मग मागे कशी घेणार?"

खरं कारण सांगणार होतो. पण ते तिचं होतं, तिनं लपवलेलं. मी म्हटलं, माणूस चांगला आहे, संधी द्या.  म्हणाला, एकच वाट आहे, फेरतपासणी. मंगळवारी तो स्वतः दुकानात असेल. ती काउंटरवर एकटी. मी ऑर्डर द्यायची आणि नंतर फॉर्म भरायचा. त्यात प्रश्न, ग्राहकाचे नाव पुकारले का? हो की नाही. "हो आलं तर हेड ऑफिसला दाखवायला माझ्या हातात कागद राहील."

रोहिणी म्हणाली, "लिहून टाका 'हो'."

"पुकारणार नाही आणि लिहू कसं? खोटा काटा मी आजवर पास केला नाही."

"मग लिहा 'नाही'. आणि पाठवा तिला भट्टीवर. खरं लिहिलं म्हणून झोप लागेल तुम्हाला." उठून आत गेली. आठव्या महिन्यात इतका राग बरा नव्हे.

तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. चार वाजता मला कल्पना सुचली. ऑर्डर द्वारकाच्या नावानं द्यायची. (द्वारका चहा देताना असं काहीतरी म्हणाली होती, पण माझ्या मनात ते आधीपासून होतं.) मोबाइलवर नाव बदलायला अर्धा तास लागला. कुणाची मदत घेतली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सविस्तर लिहितो.

रोहिणीजवळ शेजारच्या सुनितावहिनींना बसवून आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. द्वारकानं ठेवणीतली साडी नेसली. म्हटलं, बर्गर आणायला ही साडी? "माझं नाव घेणारेत ना," म्हणाली.

अकरा पन्नासला पोचलो. अनुपम काउंटरच्या टोकाला टॅब घेऊन उभा. सडपातळ, दाढी राखलेली. संजनानं आमच्याकडे पाहिलं आणि नजर माइकवर नेली.  बारा चारला तिनं चिठ्ठी उचलली.

"द्वारका!"

खणखणीत. सगळ्या दुकानात ऐकू गेलं. द्वारका जागची हलेना.

"अगं, तुझं नाव."

"ऐकलं. अजून एकदा म्हणू दे."

"द्वारका! द्वारकाताई, तुमची ऑर्डर तयार हाय!"

मग उठली. पदर सारखा करून, शाळेत बक्षीस घ्यायला जातात तशी गेली. दोघींनी पिशवीला चार हात लावले. परत आल्यावर म्हणाली, "लग्नानंतर एवढ्या मोठ्यानं कुणी हाकच मारली नव्हती."

मी फॉर्म घेतला. 'हो' वर खूण केली. खरी खूण. छातीवरचं वजन निम्मं उतरलं.

तेवढ्यात संजना गप्प झालेली दिसली. हातात पुढची चिठ्ठी, माइक तोंडाशी, आवाज नाही. अनुपम म्हणाला, "संजना? पुढचं घे." ती चिठ्ठीकडे बघतेय. मला पाहताक्षणी कळलं. मी काउंटरशी गेलो आणि चिठ्ठी उलट्या बाजूनं वाचली. उलटं वाचायला मी छापखान्याच्या काट्यावर काम करताना शिकलो. बरोबर तेच.

दुनियेत दशरथ काय मी एकटा आहे?

अनुपम पुढे यायला लागला. मी वळलो आणि ओरडलो, "दशरथ! दशरथ कोण आहे? पार्सल तयार आहे!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. दारातून एक टेंपोवाला हात पुसत आला. "मी, मी. काय झालं ओ?"

"नाव पुकारलं की लगेच यावं."

"आलो की लगेच!" म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला.

अनुपमनं विचारलं, "सर, तुम्ही का पुकारलंत?" मी उत्तर जुळवत होतो. पण संजना बोलली. माइक तोंडाशीच होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"सासऱ्याचं नाव हाय, सर. तेवढं नाय घेनार मी. बाकी काय बी सांगा."

अनुपमला हसू आलं. मी म्हटलं, "हसायचं काम नाही." तो थांबला. थोडा वेळ टॅबशी खेळला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"हेच. तुमी हसला असता."

"नंबर चालतील?"

"नंबराला काय, सर. नंबर कुनाचा बी सासरा नसतो."

ह्या वेळी द्वारकाच आधी हसली. मग तो हसला, तीही हसली. हे हसणं निराळं होतं.

तो म्हणाला, नंबर पुन्हा लावायचे तर हेड ऑफिसला विचारावं लागेल. तिच्या नोकरीचंही तेच ठरवतील. तुमच्या जुन्या तक्रारीचं काय करतील सांगता येत नाही, पाचवा मुद्दा फार जड आहे.

फॉर्मवर खाली चार ओळी रिकाम्या होत्या, 'इतर काही'. मी पेन परत मागून घेतलं. लिहिलं ते असं: 'दि. ९ रोजी माझे पार्सल एक पंधरा व एक बावीस अशा दोन वेळा वस्तूंची नावे घेऊन पुकारले गेले. मला ते ऐकू आले होते. पार्सल माझेच आहे हे मला कळले होते. एक एकतीसला कर्मचारी माझ्या टेबलाशी आली तेव्हाही मी सांगितले नाही. मी उठलो नाही. चौतीसपैकी तेवीस मिनिटे माझी आहेत.' खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

अनुपमनं वाचलं. "काका, हे लिहायची गरज नव्हती."

"होती. अपुरं माप म्हणजे खोटंच माप."

सरांचा काका कधी झालो कळलं नाही. येताना मागे बसलेल्या द्वारकाचा हात माझ्या खांद्यावर होता. एरवी मागची दांडी धरते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज तिची ट्रायल संपली. फोन नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही. एका किराणा दुकानाच्या काट्याला सील उलटं लावलं. बत्तीस वर्षांत प्रथम. काढून परत लावलं, कुणी पाहिलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दहा चाळीसला फोन आला.

"काका, कायम केली तिला. आणि तुमच्या त्या चार ओळी हेड ऑफिसनं सगळ्या दुकानांना पाठवल्यात. तुमचं नाव खोडून."

"नाव का खोडलं?"

"प्रायव्हसी, काका."

ठीक आहे. द्वारकाला हाक मारून सांगितलं. ती "बरं झालं गं बाई" म्हणून मटकन खाली बसली. म्हणजे तिलाही घोर होता तर. मला वाटत होतं, मला एकट्यालाच. रोहिणीनं त्या मोफत बर्गरची मुदत पाहिली, उद्यापर्यंत आहे.

जेवलो. भात दोनदा मागून घेतला. मग दुपारी झोपलो, मी दुपारी झोपत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कशेळ्याला तांदळाच्या दुकानाचा काटा होता. काम दहाचं, मी साडेसातलाच पोचलो. थंडीत गाडी हळू चालवावी लागते म्हणून लवकर निघालो होतो.

नाक्यावर ट्रक उभा होता. वर भांडी, बोचकी, खुराड्यात कोंबड्या, बाया, पोरं. मुकादम वहीत बघून घरांची नावं पुकारत होता. एकेक घर चढत होतं. ट्रकच्या पलीकडे कर्जतची जीप भरत होती.

जीपपाशी एक म्हातारा उभा होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कडेवर तीनेक वर्षांची पोरगी, हातात डबा. संजनानं डबा घेतला आणि मला पाहिलं. पदर तोंडाला लावून त्याला काहीतरी म्हणाली. तो माझ्याकडे आला.

"तुमीच का ते? माझ्या नावाचे?"

"हो."

"तुमी माझं नाव लई मोठ्यानं घेतलं म्हनं शिळफाट्याला."

"घ्यावं लागलं."

"बरं केलं," म्हणाला आणि तंबाखूची डबी पुढे केली. मी खात नाही. चिमूटभर घेतली.

मुकादमानं ट्रकवरून ओरडून विचारलं, "काय रं, येतोस का? शेवटचं इचारतो!"

म्हाताऱ्यानं कडेवरच्या पोरीचा हात धरून हलवला, टाटा करतात तसा.

ट्रक आठ दहाला सुटला, जीप आठ चौदाला. संजना जीपमध्ये होती.